पक्का आधार आणि स्प्रिंग

डॉक्टरांनी त्याला त्याची बायको गेल्याचं सांगितलं, तेव्हा लेकीला कळवायला म्हणून तो बाहेरच्या बाकावर येऊन बसला. शेजारी पायाला प्लॅस्टर घातलेले एक इंजिनिअर होते. त्यांच्या ऑफिसातली मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन त्यांना पाइपलाइनचं मॉडेल दाखवत होती.

"सर, तुमचा पाय असा, आणि मी हे काय घेऊन बसले."

"पाय मोडलाय, डोकं शाबूत आहे. बोल."

"पाइपखाली स्प्रिंग दिली, तरी तिच्यावर भार शून्यच येतोय."

"तिथला पक्का, न हलणारा आधार काढलास?"

"तो काढायचा असतो?"

"अगं, वजन किती येतं ते बघायला तो लावायचा. मग काढून तिथे स्प्रिंग द्यायची. दोन्ही ठेवलेस तर वजन सगळं तोच घेणार. स्प्रिंग बसेल हातावर हात ठेवून."

"पण काढला तर पाइप खाली नाही येणार?"

"येईल थोडा. गरम झाला की वरही जाईल. त्याला हलू द्यायचं, पण सोडायचं नाही."

"म्हणजे धरायचं की नाही धरायचं?"

"आता माझं डोकंही प्लॅस्टरमध्ये घालशील तू."

ती हसली आणि त्याच्याकडे वळली. "काका, आमच्या बडबडीचा त्रास होतोय का?"

"नाही, बोला तुम्ही. पण आधी काय करायचं? आधार काढायचा, की स्प्रिंग लावायची?"

"मॉडेलमध्ये कसंही चालतं," इंजिनिअर म्हणाले. "खऱ्या पाइपला आधी स्प्रिंग, नाहीतर तो कोसळेल."

"बरं."

लेकीला फोन करायचा अजून राहिला होता.