पिंडावरचा बटाटावडा

हसायचं असेल तर हसा, पण माझ्या ताईच्या दहाव्याला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. आई पिंडाकडे बघत बसलेली. ताई गेल्यापासून तिने तोंडातून शब्द काढला नव्हता.

आमचा मामेभाऊ हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. तो हात जोडून म्हणाला, "ताई, तुझा प्रबंध मी टाइप करून देतो." कावळा ढिम्म. ताईच्या लॅबमधली मंजिरी म्हणाली, "ताई, तुझा राहिलेला प्रयोग मी पूर्ण करते." तरी ढिम्म.

मी मंजिरीला विचारलं, "कसला गं प्रयोग?"

"चरबीचा इवलासा फुगा असतो, लायपोसोम म्हणतात. त्यात डीएनए भरायचा आणि रोगाशी लढणाऱ्या पेशीला खाऊ घालायचा. नुसता फुगा ती फारसा घेत नाही. वरून साखर चिकटवली की गट्ट करते."

मी आठवीत शाळा सोडली, पण एवढं कळलं. धावत गेलो, कोपऱ्यावरच्या गाडीवरून बटाटावडा आणला आणि पिंडावर कुस्करला.

गुरुजी कसब्यातले. म्हणाले, "अहो, दहावं आहे, डोहाळजेवण नाही!"

त्यांचं वाक्य संपायच्या आत कावळ्याने वड्यासकट भात उचलला. मंजिरी ओरडली, "गेलं आत!"

गुरुजींनी पोथी मिटली. "शिवला. आता हे बाहेर कुठे बोलू नका."

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "अरे, चटणी आण की. नुसता वडा खाल्लाय का तिने कधी?"