जावयाने चमकवलेली डिस्क

शहाणा माणूस बघायचा असेल तर आमच्या सरावलीला या, माझे जावई दाखवतो. नातीच्या गेमच्या डिस्कवर ओरखडे पडले. पोरीकडे तेवढी एकच डिस्क. मी तारापूरच्या कारखान्यात जन्मभर भांड्यांना पॉलिश केलेलं. म्हटलं, "जावईबापू, टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने मधून काठाकडे सरळ पुसा. डिस्क गोल फिरते, गोल ओरखडा पडला तर मशीन वाचतच नाय, म्हणून गोल घासायची नाय."

"बाबा, तुमचे टोप वेगळे. मी मोबाइलवर बघितलंय," म्हणत त्यांनी ड्रिलला पॉलिशचा गोल बफ लावला आणि डिस्क गरागरा घासली. गेम कायमचा बंद.

तरी म्हणतात, "पण चमक बघा, तोंड दिसतंय!"

नात रडतच म्हणाली, "पप्पा, तुमचं तोंड मला रोजच दिसतं."