लामारा मावशींची उशिराची छाटणी

सन्माननीय अध्यक्ष ओतार महाशय, व्यासपीठावरचे पाद्रीबाबा, सत्कारमूर्ती लामारा मावशी, त्यांच्या लेकीसुना, आणि काल तोडणी आटोपून हातांवरचे डाग तसेच घेऊन आलेल्या माझ्या जॉर्जियातल्या काखेतीकर बंधुभगिनींनो,

आपल्या द्राक्षसंघाचा मुकादम मलखाझ आपणां सर्वांना वंदन करतो. भाषण लांबणार नाही. बाहेर शेगडी पेटली आहे, हे मलाही दिसतंय.

मावशींनी बेचाळीस वर्षं आपल्या वेली छाटल्या, आज त्या कात्री खाली ठेवताहेत. आता मला सांगा, आपल्या गावात छाटणीची वेळ कोण ठरवतं? वेल? छे! ईस्टर ठरवतो. लवकर छाटलं की काड्या सणापर्यंत वाळतात, आणि त्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाची चव... असो, अध्यक्षांच्या तोंडाला पाणी सुटलं.

नऊ वर्षांपूर्वी एप्रिल उजाडला तरी ओढ्याकाठच्या सोळा ओळींना मावशींनी कात्री लावली नव्हती. मी म्हणालो, “काय मावशी, यंदा ओल्या काड्यांचा धूर खायचा का?”

“खा की! ओढ्याकाठी गारठा रेंगाळतो. न छाटलेली वेल शेंड्याला फुटू दे, बुडातले कोंबांचे डोळे तोवर झोपतील.”

मला तो आळस वाटला. दुसऱ्याच दिवशी त्यांना संघाच्या शिक्क्याची चिठ्ठी गेली, ‘उद्यापासून कामावर येऊ नये.’ तेव्हाच्या अध्यक्षांनी ती धाडली, असंच गाव समजलं.

चार दिवसांनी रात्री हिव पडलं, दवाचा बर्फ झाला. सकाळी पाहतो तर गावभरच्या लवकर छाटलेल्या वेलींचे बोटभर कोंब काळेठिक्कर! बदली माणूस न मिळाल्यानं मावशींच्या सोळा ओळी तशाच राहिल्या होत्या. बुडातले डोळे मिटलेले, शाबूत.

मी माझ्या बागेत डोकं धरून बसलो होतो. तेवढ्यात या बाई कात्री घेऊन हजर.

“ऊठ रे! मेलेल्या डोळ्याच्या आड दुसरा डोळा असतो. काळं खुड, रडतोस काय?”

खुडलं. पंधरवड्यात हिरवं दिसलं. जूनमध्ये फुलोऱ्याचा वास आला तेव्हा मी बांधावर खुळ्यासारखा नाचलो, ते बऱ्याच जणांनी पाहिलंय. ऑगस्टात मण्यांत पाणी उतरलं, आणि ऑक्टोबरात निम्म्या का होईना, टोपल्या भरल्या. मावशींना तर संघानं त्याच वसंतात कामावर परत बोलावलं होतं.

मावशी, ती चिठ्ठी अध्यक्षांनी नाही, मी लिहिली होती. माझ्या बायकोलाही हे आज कळतंय. नऊ वर्षं तुमच्या हातचं खाताना हे घशाशी यायचं आणि मी गिळायचो. आज तुम्ही निघालात, आता नाही गिळवत.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं... हसू नका हो कुणी! मंडळी, मावशी म्हणतात, “अक्षर तुझंच होतं की रे. चिठ्ठी हातात पडली तेव्हाच ओळखलं.”

म्हणजे ठाऊक असूनही त्या सकाळी सगळं गाव सोडून त्या आधी माझ्याच बागेत आल्या!

माझं भाषण इथेच संपलं. आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर तुम्हीही पोटात घाला. मावशींनी नऊ वर्षं घातलंय.