नानांचा ब्रेक

—नाही हो, राग कसला? उलट तुम्ही फारच सोसलंत. मी तुमच्या जागी, पुढच्या रांगेत असते ना, तर नुसतं वळून 'शू' करून थांबले नसते. बसा, बसा, उठू नका, इंटरव्हल आहे तोवर सांगूनच टाकते, म्हणजे नंतर तुमची मान दुखायला नको. हे माझे सासरे. नाना. झोपलेत — लोकांच्या खुर्च्या वाजल्या की यांची मान खाली. दिसत नाही त्यांना. काचबिंदू. आणि सिनेमा हा असा परक्या भाषेतला, खाली अक्षरं पळतायत. म्हणजे ऐकून कळत नाही आणि वाचता येत नाही, मग राहतं कोण? मी. मी सांगते, कानात, कुजबुजून — बरं, तुमच्या मते कुजबुजून नाही, ते कळलं मला.

पण एक विचारू? तुम्हाला आवडतोय का हा? मला तर हातापायाला घाम फुटलाय. रहस्यपट चांगला की वाईट हे मी कसं ओळखते सांगू? पेपरातले तारे बघून नाही. नानांचा पाय बघून! हसू नका. नानांची मोटार ड्रायव्हिंगची शाळा होती. जन्मभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसले, पायाखाली तो दुसरा ब्रेक असतो ना, त्यावर पाय ठेवून. मलाही शिकवायला घेतलं होतं लग्नानंतर. मी गाडी फाटकावर घातली, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तर सांगायचं काय — सिनेमा रंगला की नानांचा उजवा बूट आपोआप जमिनीवर दाबला जातो. कचकन! ब्रेक! मी नुसतं म्हणायचं, "नाना, ती जिना उतरतेय, आणि खालचं दार उघडं आहे, आणि तिला ते माहीत नाही," — की दाबलाच पाय. आणि गंमत बघा, खून झाला, रक्त सांडलं, की पाय सैल. म्हणजे मजा धडकेत नाहीच मुळी, धडकेच्या आधी आहे. हे त्या सिनेमावाल्यांना कुणीतरी सांगायला हवं, उगाच बादलीभर रक्त ओततात.

आणि ते दुसरे, चित्रकथांवरचे, घट्ट कपड्यातले वीर — घ्या ना पॉपकॉर्न, मला एकटीला संपत नाही — त्यांचं तर विचारूच नका. गेल्या महिन्यात गेलो होतो. तो हिरो उडतो. बरं, उडाला. 'उडाला' एका शब्दात सांगून झालं, पुढे काय सांगू? त्याने याला मारलं, याने त्याला मारलं, इमारत पडली, दुसरी पडली. पाऊण तास! नानांचा पाय ढिम्म. घोरायलाच लागले. आणि बरोबरच आहे हो, ज्याला काही होतच नाही, त्याच्यासाठी ब्रेक कोण मारणार? मला इतका राग आला, तिकिटाचा नाही, नानांची संध्याकाळ वाया चालली म्हणून. मग मी काय केलं असेल? मी त्या हिरोला उंचीची भीती घातली. हो! पदरची! म्हटलं, "नाना, हा ना उडताना डोळे गच्च मिटतो. लहानपणी गच्चीवरून पडला होता." आणि काय सांगू तुम्हाला, नाना ताडकन जागे. पुढचा सगळा वेळ बूट असा दाबून! घरी येईपर्यंत एकच, "मिटल्या डोळ्यांनी उडतो म्हणजे कमाल आहे." पडद्यावर तो टक्क डोळे उघडे ठेवून आपले दात दाखवत होता, मेला.

तर हा माझा उद्योग. बदलते मी. जास्त नाही, लागेल तेवढंच. सिनेमातला कुत्रा मरू देत नाही. पण आज अडकलेय — आज तुम्ही पाहिलंत ना, इंटरव्हलच्या आधी? तो म्हातारा, एवढं मोठं घर, आणि त्याच्या गोळ्या कोण बदलतंय? सून! स्वयंपाकघरात, एकटी, हातमोजे घालून! मी म्हटलं, "नाना, डॉक्टर गोळ्या बदलतोय." नाना म्हणाले, "डॉक्टर स्वयंपाकघरात काय करतोय?" मी म्हटलं, "भूक लागली असेल." तेव्हाच तुम्ही 'शू' केलंत.

मग काय सांगणार होते? खुनी सून आहे, असं? आज? अहो, आज संध्याकाळी वन्सं येतायत नानांना न्यायला. माझी नणंद. कायमचंच न्यायला. त्यांच्याकडे लिफ्ट आहे, नर्स आहे, बाग आहे, नाही म्हणायला जागाच नाही. आमचे हे जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर, ते फोनवर म्हणाले, "बरंच होईल, तुझा त्रास वाचेल." आणि मी काय म्हटलं? "हो, बरंच होईल." असंच म्हणतात ना अशा वेळी? सुनेने काय म्हणायचं असतं दुसरं? डोळे जायच्या आधी, खरं सांगते, आम्ही दोघं दिवसाकाठी दोन वाक्यं बोलायचो. "चहा झालाय." "गॅस बंद केलास का?" झालं. हे सगळं सिनेमाने सुरू केलं. आता सकाळी दात घासतानासुद्धा विचारतात, "तो वकील सुटला कसा गं?" उद्यापासून मी कुणाला सांगू? भिंतीला? वन्संची नर्स इंजेक्शन देईल हो वेळेवर, पण ती कुत्रा वाचवणार आहे का? नाही, नाही, मी रडत नाहीये, पॉपकॉर्नचं मीठ डोळ्यात गेलं. मला नकोय त्यांनी जायला. अगदी नकोय. बघा, हे मी घरात कुणाला बोलले नाही, आणि तुम्हाला, ओळख ना पाळख—

थांबा. त्यांचा पाय बघा. खाली, खाली, बूट. दाबलाय. कचकन दाबलाय!

नाना? ...जागे आहात? ...कधीपासून? काय, झोपलाच नव्हतात? या साहेबांनी 'शू' केलं तेव्हापासून सगळं ऐकताय? अहो, मग मान कशाला खाली घातलीत! ...काय? खुनी सूनच, हे इंटरव्हलआधीच कळलं होतं? कुणी सांगितलं तुम्हाला? ...मी? मी कधी म्हटलं? ...हो, 'किती प्रेमाने दूध देते' असं म्हटलं. 'केस किती नीट विंचरलेत' — हो, तेही म्हटलं. ...अय्या, म्हणजे मी कुणाची एवढी तरफदारी केली की तोच खुनी, हे तुम्हाला आधीपासून— दर वेळी? आणि तो उंचीला घाबरणारा? ...तेही माहीत होतं? नाना!

...आणि वन्संना काय सांगितलंत? सकाळीच? फोन केलात? "त्या उडणाऱ्याचा दुसरा भाग पाहिल्याशिवाय मी हलत नाही" — असं सांगितलंत वन्संना? अहो, पण नाना, त्याला दुसरा भाग नाहीये. तो सपशेल आपटला, कोण काढतंय दुसरा भाग!

...काय म्हणालात?

ऐकलंत का हो तुम्ही? "मग तू काढ," म्हणतायत. "सावकाश काढ," म्हणतायत.

अगंबाई, दिवे मालवले. नाना, नीट बसा, मी सगळं खरं सांगणार आहे आता, हातमोज्यांसकट. अहो, तुम्ही काय बघताय मागे वळून? सुरू झालं की! काय? कुणाला काय म्हणताय? आता बोलू नका मधे — शू!