उत्तरातली नागमोडी रेघ

एका मासिकात मी बुद्धिबळाची कोडी देतो. उत्तरातल्या नागमोडी रेघेचा अर्थ विचारणारं एका वाचकाचं पत्र आलं होतं. आपल्याला नीट सांगता येईल का, या शंकेत ते तसंच राहिलं. परवा डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारी एक वडील आणि त्यांची मुलगी बसले होते. तिच्या हातात तेच मासिक होतं.

“बाबा, थेंब घातलेत. डोळे मिटा.”

“मिटलेत. तू उत्तर वाच.”

“पांढरा राजा एक घर मागे. काळ्याच्या खेळीच्या जागी नागमोडी रेघ. मग वजिराने मात.”

“रेघ म्हणजे काळा खेळतच नाही, असं धरलं मी. तसंच मांडून पाहिलं, मात होत नाही.”

“छापताना शाई सांडली असेल.”

“दर महिन्याला सांडते का गं? त्यांना पत्रसुद्धा टाकलं मी.”

“मग?”

“मोठी माणसं ती. आपल्याला कशाला लिहितील?”

“राहू द्या ना. उगाच ताण.”

“हाही डोळा जाणार म्हणाले ना डॉक्टर? पट दिसतोय तोवर एवढं सुटू दे.”

“नंतर मी वाचून दाखवीन की.”

“तुला घोडा तरी चालवता येतो का?”

“शिकवा.”

 

घरी येऊन त्यांचं पत्र काढलं आणि उत्तर लिहिलं: ‘नागमोडी रेघ म्हणजे काळ्याची कोणतीही खेळी. त्याला थांबता येत नाही, खेळावंच लागतं. आणि काहीही खेळला तरी मात होते.’ अक्षरं जमतील तेवढी मोठी काढली आणि टपाल निघायच्या आत पत्र पेटीत टाकलं.