चौकच्या दिन्याने ऐकलेला लाइव्ह शो

लाइव्ह शोचं नाव माझ्यासमोर काढू नका रे. चौक गावचा आमचा दिन्या, गॅरेजवाला, ठाऊक आहे ना? शाळेपासून एकाच परदेशी रॉक बँडचा वेडा. त्यांचा जुना लाइव्ह अल्बम त्याला अक्षरन् अक्षर पाठ. गेल्या वर्षी तोच बँड, आता म्हातारा झालेला, खालापूरजवळच्या मैदानात आला. दिन्या दुपारपासून स्टेजसमोरच्या कठड्याला चिकटून उभा, मी त्याच्या शेजारी.

पहिलं गाणं सुरू झालं आणि गडी रडायलाच लागला. "आवाज ऐक रं, अजून तसाच हाय!"

गाणं संपल्यावर गायकाने पाण्याची बाटली तोंडाला लावली. तो पाणी पीत असतानाच स्पीकरमधून त्याच्या खोकण्याचा आवाज आला.

दिन्या पांढरा पडला. "हा खोकला अल्बममधला हाय."

मी म्हटलं, "जाऊ दे रं, सगळे नाचतायत, आपण पण नाचू."

"कशावर नाचू? टेप लावलीय यांनी."

गर्दीतून वाट काढत तो बाहेर पडला. मी मागोमाग गेलो. हायवेला लागल्यावर तो थांबला. मग म्हणाला, "आता घरी जाऊन मी काय ऐकू रं?"