माझी खुर्ची कोणती?

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती, निवृत्त होणारे आमचे डॉक्टर, वहिनीसाहेब, आणि जेवणाकडे डोळे लावून बसलेले माझे सहकारी,

मी हृदयविभागाची मुख्य सिस्टर. आवाज चढा आहे, म्हणून माइक लांब धरते. आधीच्या वक्त्यांनी डॉक्टरांच्या विद्वत्तेवर फुलं उधळली. मी त्यांच्या पडलेल्या दातांवर बोलणार आहे.

झटका येऊन गेलेला पेशंट घरी निघाला, की पुन्हा झटका येण्याचा धोका किती, ते डॉक्टर त्याला सांगतात. टक्केवारी कुणाच्या डोक्यात शिरते हो? म्हणून ते दहा खुर्च्या मांडतात. "ही तुमच्यासारखी दहा माणसं. वर्षभरात यातली इतकी परत येतील." आणि तेवढ्या खुर्च्या लाथेने पाडतात. धाडकन!

एकदा इमारती पाडणारा एक आडदांड गडी आला. आम्ही त्याला हातोडा म्हणायचो. हृदय दुबळं झालेलं, साखर वाढलेली, वर सिगारेट सोडणार नाही म्हणे. डॉक्टरांनी चार खुर्च्या पाडल्या. सिगारेट बंद, औषधं चालू, असं म्हणत दोन उचलून ठेवल्या. दोन आडव्याच राहिल्या.

"यात माझी कोणती?"

"ते मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही."

झालं! त्याने आडवी खुर्ची उचलली आणि डॉक्टरांच्या तोंडावर हाणली. पुढचे दोन दात माझ्या पायाशी. दुसऱ्या खुर्चीने काचेचं कपाट फुटलं. मी मध्ये पडले, तर माझं मनगट मोडलं. मग त्याने डॉक्टरांना भिंतीशी दाबून गळाच आवळला. मी धड हाताने त्याच्या पाठीत ट्रे हाणतेय, शिव्या घालतेय (त्या इथे सांगत नाही, पाहुणे आहेत), आणि डॉक्टर काय करत होते? त्यांनी त्याचं मनगट धरलं होतं. सोडवायला नव्हे! रक्ताची गुळणी टाकून म्हणाले, "सिस्टर, याची नाडी चुकतेय. बेड लावा."

पुढच्या क्षणी हातोडा जमिनीवर. छाती दाबताना त्याच्या बरगड्या मोडल्या, शॉक दिले, पण ओढून आणला परत. आज तो मागच्या रांगेत बसलाय. उभा राहू नकोस रे, बस.

आता जे बोलायचं होतं ते बोलते. गेल्या महिन्यात डॉक्टरांनाच झटका आला. घरी जाताना त्यांच्याच रीतीने मी खुर्च्या मांडल्या. पाच पाडल्या. म्हटलं, ऑपरेशन करून घेतलंत तर तीन उचलते. आमचे हे शांत डॉक्टर! उरलेल्या खुर्च्या त्यांनी लाथाडल्या, माझे खांदे धरून मला गदागदा हलवलं आणि ओरडले, "माझी कोणती, सांग!" इतक्या वर्षांत मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मला रडू आलं. तेव्हापासून ऑपरेशनची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकललीय. वहिनी रोज फोन करतात.

डॉक्टर, तुमची कोणती ते मला माहीत नाही. पण सोमवारी बेड लावलाय. आला नाहीत तर हातोडा तुम्हाला उचलून आणेल, आणि या खेपेला मी मध्ये पडणार नाही. निरोप मी देत नाही. आधी बरे व्हा, मग बघू.

आयोजकांनी मला बोलू दिलं, आभारी आहे. तोंडाळ बाई आहे, अधिकउणं पोटात घाला. फक्त एक राहिलं. डॉक्टर, सोमवारी येणार का? सगळ्यांसमोर मान हलवा.

नीट हलवा. मागच्यांना दिसली नाही.

हं. धन्यवाद.